गाडी तूप प्याली

आमच्या कामरगावच्या स्टँडवर बॅटरीवर चालणारे ऑटो आले, तेव्हा विकणाऱ्याने घेणाऱ्यांना एक वाक्य पढवून ठेवलं होतं : पेट्रोल नाही, डिझेल नाही, ऑइल नाही. उकंडरावांनी ते इतकं मनावर घेतलं, की त्यांच्या ऑटोत बसणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे. मी औषधं आणायला कारंजाला जाते ती त्यांच्याच ऑटोने, त्यामुळे सगळ्यांत जास्त वेळा ते मी ऐकलं आहे. "बाई, बैलाले ढेप लागे, कुटार लागे," ते म्हणत, "हिले नुसता करंट दाखवा."

म्हणून त्यांचीच मुलगी राखी एका सकाळी बारदाना अंथरून ऑटोखाली शिरली, मागच्या आसाजवळचा एक बोल्ट तिने उघडला आणि आतलं तेल बाटलीत उतरवलं, तेव्हा सगळा स्टँड गोळा झाला. राखी बाहेर आली. केसांना माती, गालाला काळा डाग. तिने बाटली उन्हात धरून पाहिली. उकंडरावांचा जुना दोस्त देवमन, ज्याचा ऑटो रांगेत त्यांच्या मागे लागतो, तोही बाटलीत डोकावला.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमची गाडी उपाशी नव्हती. चोरून पेत होती."

उकंडरावांना ते लागलं. हे तेल कोणी टाकलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. राखीने त्यांना समजावून सांगितलं, की मोटर जोरात फिरते, चाक त्या मानाने हळू फिरतं, आणि त्या दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये एक डबा असतो, त्यात दातेरी चक्रं असतात. चक्रांना तेल हवंच. गाडी घेतली त्या दिवसापासून ते आत आहे. उकंडराव ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे ओंगण."

वंगणाला आमच्याकडे जुनी माणसं ओंगण म्हणतात. बैलगाडीच्या आसाला लावायचा तो काळा लगदा. उकंडरावांची गाडी होती तेव्हा तो बांबूच्या नळीत भरून गाडीखाली टांगलेला असे, आणि लहानपणी राखी त्यात बोट घालून वास घ्यायची. सोजरबाई, तिची आई, तिला त्यावरून फार बोलायच्या. वास घेण्याची सवय मात्र गेली नाही. आठवीत ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागली. माझं शिक्षण अमरावतीच्या कॉन्व्हेंटात झालेलं. लग्न होऊन या गावात आले आणि हे गेल्यावरही इथेच राहिले, त्यामुळे गावातली बरीच मुलं इंग्रजीसाठी माझ्याकडे यायची. राखी पुस्तक उघडलं की आधी पानाचा वास घ्यायची. माझ्याकडच्या शाईचा, साबणाचा, औषधाच्या बाटलीचासुद्धा. मी तिला टोकलं, की हे चांगलं दिसत नाही. ती म्हणाली, "पण बाई, वास खोटा नाही बोलत." पुढे मी तिला टोकलं नाही.

रसायनशास्त्र तिने आधी कारंजाला आणि मग अमरावतीला केलं, आणि पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत लागली. तिथे विजेवर चालणाऱ्या वाहनांचं तेल तपासतात. तिने मला एकदा फोनवर सगळी खोली फिरवून दाखवली. साध्या इंजिनाचं तेल तपासणं निराळं आणि हे निराळं, असं ती म्हणते. इथे तेलाच्या शेजारी तांब्याची तार असते आणि तारेतून वीज जात असते. तेलाने तांबं खाता कामा नये, विजेला वाट देता कामा नये, मोटर गरगर फिरली तरी फेस धरता कामा नये. मग ते लोक घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात बुडवून ठेवतात आणि काढल्यावर तिचा रंग पाहतात. पट्टी काळवंडली की तेल नापास. मला ती परीक्षा फार आवडली. आपण पितळी समई घासून उजेडात धरतो, त्यासारखीच.

सोजरबाईंना कोणी विचारलं, की मुलगी काय करते, तर त्या सांगत, "मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांचं ओंगण तपासते." रिठदहून एक स्थळ आलं होतं, त्यांनाही हेच सांगितलं. मुलाच्या मामाने पोहे खाता खाता विचारलं, की गॅरेज स्वतःचं आहे की भाड्याचं. ते स्थळ परत आलं नाही, आणि राखीला त्याची चुटपुट लागलेली मला तरी दिसली नाही. स्टँडवर मात्र तिचं नाव ओंगणवाली पडलं ते पडलंच.

त्या सकाळी ती ऑटोखाली शिरली होती, त्यामागे तिची मोठी आशा होती. एक तेल कंपनी तीनचाकी गाड्यांसाठी नवं तेल बनवत होती आणि त्याची पारख राखीच्या प्रयोगशाळेकडे आली होती. आतापर्यंतच्या सगळ्या चाचण्या पुण्याच्या सपाट रस्त्यांवर झालेल्या. राखीने आपल्या वरिष्ठ केळशीकर मॅडमना सुचवलं, की तेलाची खरी परीक्षा आमच्याकडे होईल, जिथे ऑटोत माणसांबरोबर सोयाबीनची पोतीही बसतात आणि रस्ता मध्येच नाल्यात उतरतो. मॅडमना ते पटलं. पण त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं, की हे काम तुझं, अहवालही तुझ्या नावाने जाईल. नमुन्यांत काही गडबड निघाली तर मात्र, मॅडम म्हणाल्या, कंपनी सगळं काम पुन्हा पुण्याच्या गाड्यांवर नेईल, आणि मग ते माझ्या हातात राहणार नाही. इतकी वर्षं राखी दुसऱ्यांच्या कामात हात घालत आली होती. हे पहिलं तिचं स्वतःचं.

तर तिने चार ऑटो निवडले, वडिलांचा, देवमनचा आणि आणखी दोन. जुनं तेल काढलं, नवं भरलं आणि बोल्ट घट्ट बसवून प्रत्येक बोल्टवर लाल नेलपॉलिशची खूण केली, अर्धी बोल्टवर आणि अर्धी डब्यावर. कोणी बोल्ट फिरवलाच तर खूण तुटेल. चारही ऑटोवाल्यांना तिने बजावलं, की दिवाळीला मी येईन, तोवर याला हात लावायचा नाही. सोजरबाईंना कोणी काही सांगितलं नाही. त्या काही ऑटो चालवत नव्हत्या.

पावसाळा गेला. दिवाळीला राखी आली ती फराळाआधी बारदाना मागत. चारही खुणा शाबूत होत्या. तिने तेल बाटल्यांत उतरवलं, ताजं भरून पुन्हा तशाच खुणा केल्या, बाटल्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि चिवड्याच्या डब्यात घालून पुण्याला नेल्या. जाताना मला भेटायला आली तेव्हा इतकी खुशीत होती, की चहा न घेताच निघून गेली.

पुढचं मला तिनेच सविस्तर सांगितलं आहे, आणि एकदा नाही, मीच पुन्हा पुन्हा सांगायला लावते.

तीन ऑटोंचं तेल ठीक निघालं. उकंडरावांचं बिघडलं होतं. यंत्रातून त्यावर किरण सोडून पाहिले तर तेल जळून म्हातारं झालं असावं, असं दिसे. जाडी मोजली तर तसं काही नाही. आणि गाळणकागदावर तळाला पिवळा, बारीक गाळ. तिच्याबरोबर काम करणाऱ्या हरीओमने तो पाहिला आणि म्हणाला, की पितळ आहे, तेलाने आतलं काहीतरी खाल्लं. पितळेत तांबं असतं. तेल तांबं खातंय असं निघालं तर त्या कंपनीचं तेल बाद, आणि तांब्याची पट्टी पाहावी तर ती लख्ख. एक परीक्षा हो म्हणते आणि दुसरी नाही म्हणते, असा तो नमुना. कंपनीची माणसं यायला दोनच दिवस उरले होते. केळशीकर मॅडम रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, की कारण सापडलं नाही तर कामरगावचे सगळेच नमुने बाजूला ठेवावे लागतील.

राखीने वडिलांना फोन केला. कोणी बोल्ट उघडला होता का? उकंडराव दुखावले. "तुह्या लाल निशाणीले मी बोट नाही लावलं व बाई," ते म्हणाले. "धुतांनी बी तेवढी जागा सोडून धुतो." आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने उरलेलं तेल पुन्हा तपासायला गरम केलं. हे तेल तापलं की काडेपेटीच्या गुलासारखा वास येतो, तो आला. पण त्याच्या मागून आणखी एक आला. राखी म्हणते, की आधी मला वाटलं, घराची आठवण येतेय. दिवाळी नुकतीच झाली होती. मग तिने नाक आणखी जवळ नेलं आणि हरीओमला बोलावलं. तो म्हणाला, तेलाचा वास येतो. तिने दाराशी बसणाऱ्या ग्यानबा नावाच्या चौकीदाराला बोलावलं. तो परभणीकडचा. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "जेवायची वेळ झाली का मॅडम?"

तूप. जुनं, करपलेलं, पण तूपच. यंत्राला म्हातारपण दिसलं होतं ते त्याचंच. आणि तुपाबरोबर पिवळं काय असतं, हे आमच्याकडच्या मुलीला सांगावं लागत नाही. उकंडरावांचा गुडघा धरला की सोजरबाई हळदीत चुना कालवून लेप देतात, आणि पिवळी हळद बोटाखाली लालभडक होते, हे राखीने शंभरदा पाहिलेलं. तिने ग्यानबाची तंबाखूची डबी मागितली, चिमूटभर चुना पाण्यात कालवला आणि काडीने गाळणकागदावरच्या त्या पितळेला लावला.

पितळ लाल झालं.

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी आईला.

"माय, पोळ्याच्या आदल्या दिवशी तू ऑटोले काही केलं काय?"

"काय करीन? खांदमळण केली," सोजरबाई म्हणाल्या.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात, ती खांदमळण. उकंडरावांचा गुडघा धरू लागला म्हणून बैलजोडी देऊन टाकली होती, आणि गोठ्यात आता ऑटो उभा राहतो. सोजरबाईंनी वाटीत तूप-हळद कालवून ठेवली होती, हात सवयीने गोठ्याकडे वळला, आणि तिथे जो उभा होता त्याची त्यांनी खांदमळण केली.

"पण खांदा कोणता समजला तुले?"

"तूच तर टिक्का लावून ठेवला होता. म्या म्हटलं, पोट्टी शिकलेली हाय, जागा दाखवून गेली."

लाल खूण. राखी जमिनीवर बसली.

"माय, बोल्ट उघडला काय तू?"

"मले कुठं उघडता येते? टिक्क्यावर चोळलं. गाडी आताच आली होती, डबा गरम होता, तर तूप पातळ झालं अन् बाजूले एक भोक हाय तिकडं वघळ गेला. म्या पाह्यत राह्यली. अन् तुले सांगतो राखी, गाडी तूप प्याली. वाटीतलं घातलं तितकं आत ओढलं तिनं. आपला ढवळ्या बी इतक्या मायेनं नाही प्याला कधी."

"मग सांगतलं काहून नाही मले?"

"तू इचारलं कधी? तू तर सारं तुह्या बापाले इचारतं."

फोन ठेवला तेव्हा राखी हसत होती आणि डोळे पुसत होती. ग्यानबा डबी परत मिळते का म्हणून उभा होता. पण हसणं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता हे मॅडमना सांगावं लागणार, आणि नमुन्यात आपल्याच आईचं तूप निघालं, याहून मोठी गडबड ती कोणती. ती गेली आणि सगळं सांगितलं. टिक्क्यापासून ढवळ्यापर्यंत.

केळशीकर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि इतक्या हसल्या, की शेजारच्या खोलीतून माणसं आली. मग चष्मा लावला आणि विचारलं, "बोल्ट बंद होता ना? मग आत गेलं कसं?"

दोघी रिकामा डबा घेऊन बसल्या. बोल्टाच्या शेजारी एक लहान भोक असतं, आतली हवा तापून फुगली की बाहेर पडावी म्हणून. त्यावर हवा जाईल अशी सैल टोपी असते. उकंडरावांच्या ऑटोची टोपी रस्त्यात कुठेतरी पडली होती. गाडी थांबून डबा निवला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं आत ओढून घेते. सोजरबाईंनी जे पाहिलं होतं ते अगदी खरं होतं. गाडी पीत होती. फक्त ती वर्षातून एकदा तूप पीत होती आणि उरलेला पावसाळा काय पीत होती, हा प्रश्न मॅडमनी आणि राखीने बहुधा एकाच क्षणी एकमेकींकडे पाहून विचारला.

बाकीच्या तीन बाटल्या पुन्हा काढल्या. त्या तिन्ही तेलांत थोडं थोडं पाणी निघालं होतं आणि ते बाटल्यांच्या ओलीचं असेल म्हणून सोडून दिलं होतं. देवमनच्या तेलात सगळ्यांत जास्त. देवमनचा ऑटो रोज नाल्यातून जातो, आणि तापलेला डबा त्या थंड पाण्यात गेला की काय होत असेल ते आता कळत होतं. पुण्याच्या रस्त्यांवर हे कधीच दिसलं नसतं.

कंपनीची माणसं आली तेव्हा राखीनेच सगळं मांडलं. बिघडलेला नमुना लपवला नाही, त्याची निराळी चिठ्ठी करून टेबलावर ठेवला. त्यांच्यातल्या मुख्य साहेबांनी फार गंभीरपणे खांदमळण म्हणजे काय ते विचारलं, आणि राखीने तितक्याच गंभीरपणे सांगितलं. तिचा निष्कर्ष असा : तेल तांबं खात नाही. त्यात पाणी सोसण्याची ताकद वाढवावी, आणि ते भोक खाली उघडं न ठेवता नळी लावून वर न्यावं. साहेबांनी विचारलं, कामरगावचे ऑटो आणखी एक पावसाळा मिळतील का? अहवाल राखीच्या नावाने गेला. सोजरबाईंचं तूप त्यात आहे, पण 'दुग्धजन्य स्निग्ध पदार्थ व वनस्पतिजन्य रंग' असं लिहिलेलं. ते पान मी सोजरबाईंना मराठीत वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, की घरचं तूप आहे, हे काहून नाही लिहिलं.

यंदाच्या पोळ्याला राखी सुट्टी काढून आली. आदल्या दिवशी सकाळी स्टँडवर तिने चारही ऑटोंच्या भोकांना रबरी नळ्या लावल्या आणि नळ्यांची तोंडं सीटच्या मागे उंच बांधली. ऑइल नाही हे वाक्य उकंडरावांनी आता सोडून दिलं आहे. त्याऐवजी ते बसणाऱ्याला नळी दाखवतात आणि माझ्या पोट्टीनं बसवली म्हणून सांगतात. मला ती आतापर्यंत तीनदा दाखवून झाली आहे.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ऑटो गोठ्यात उभा होता, शिंगांना बांधायचे गोंडे आरशांना बांधले होते. सोजरबाई वाटी घेऊन आल्या आणि थबकल्या. लाल खुणेपाशी जाऊ की नको, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. राखीने पिशवीतून हिरव्या नेलपॉलिशची बाटली काढली, ऑटोखाली वाकली आणि डब्यापासून चांगल्या लांब, लोखंडी दांडीवर एक मोठा ठिपका दिला.

"लाल माह्या मॅडमचा," ती म्हणाली. "हिरवा तुहा. इथं पाहिजे तितकं लाव."

सोजरबाईंनी हिरव्या ठिपक्यावर तूप-हळद चोळली, अगदी मनसोक्त, कोपरापर्यंत हात पिवळे होईतो. मग ऑटोच्या कानाशी, म्हणजे आरशाशी, वाकून दरवर्षीसारखं म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"वहिनी, माह्या गाडीले नाही काय आवतन?" देवमन दारातून म्हणाला. "तिच्या वाटची पुरणपोळी मले द्या, तिले नको तूप."

"तू तर दरसाल येऊन खातं," सोजरबाई म्हणाल्या. "तुले आवतन कवा लागलं?"

देवमन आत येऊन बाजेवर बसला. राखी दाराशी हात धूत होती. सोजरबाई मात्र वाटी घेऊन अजून तिथेच बसून होत्या, दांडीवरून ओघळणाऱ्या तुपाकडे पाहत. ओघळ खाली मातीत उतरला.

"यंदा नाही प्याली," त्या थोड्या हिरमुसून म्हणाल्या.

उकंडरावांनी चार्जरची वायर ऑटोला लावली, हिरवा दिवा लागला का ते वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पोट भरलं असन तिचं."